विहीणबाईंनी चाकावर घातलेलं पाणी

आमच्या विहीणबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या होत्या तोवर ही गोष्ट मी चारचौघांत बोललो नाही. लेकीच्या सासूनं दिलेल्या मानामुळं आपली मोटार बिघडली, असं पोरीच्या बापानं म्हणायचं नसतं. आता म्हणतो.

माझी शाळा चौथीत सुटली. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. चाकुरात माझी आडत होती. पोत्यात हात घातला की ज्वारी कुठल्या रानातली हे मी सांगत होतो आणि ते चुकत नव्हतं. एक गोष्ट मात्र मी बापाकडून घेतली होती, ती अशी की घासून चालत असेल तर टाकायचं नाही. जात्याला टाकी लावायची, भांड्याला कल्हई करायची, फाळ लोहाराकडून पाजळून आणायचा. नवं घेणं हे ज्याला जुनं सांभाळता येत नाही त्याचं काम, असं मी मानत होतो. अजूनही बऱ्यापैकी मानतो.

लातूर जिल्हा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आधी एकेका कागदासाठी उस्मानाबादला जायचं, तिथं मुक्काम करायचा, आणि साहेब दौऱ्यावर गेले म्हणून परत यायचं. आता सगळं लातुरातच आलं. साहेब आले, त्यांच्यामागं त्यांच्या मोटारी आल्या. त्यातल्या एका साहेबाची लगेच बदली झाली आणि त्यांची छोटी पांढरी गाडी मी घेतली. त्या काळात ही छोटी गाडी आमच्याकडं नवीनच होती. माझी जुनी जीप आडतीच्या कामाची होती, पण पावसानं पाठ फिरवली होती, आडतीवर माल येत नव्हता, म्हणून जीप विकली. गावातले लोक हसले.

"अप्पा, ह्या साबणाच्या डबीत पोतं तरी बसंल का?"

"पोतं आलंय कुठं यंदा? तू बसतोस का बघ."

लेक जळकोटला दिलेली. पहिल्यांदाच तिला दिवस गेले होते. आमच्यात पाचव्या महिन्यात माहेरचे लोक चोळी घेऊन जातात. मग सातव्यात ओटी भरली की लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायचं. मी आणि आमची मंडळी, म्हणजे लेकीची आई, चोळी घेऊन निघालो. जळकोटच्या अलीकडं डोंगराचा लांब उतार लागतो. मला जीपची सवय. जीपमध्ये उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तरी ती काही बोलायची नाही. इथंही मी तसाच पाय ठेवून बसलो. खाली आलो तेव्हा चिंधी जळाल्यासारखा वास येत होता.

"काय जळतंय ओ?" मंडळी म्हणाली.

"गाव जवळ आलं. चुलीचा वास."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर नाकाला लावला.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. हातात भाकरीचा तुकडा आणि काठोकाठ भरलेला तांब्या. त्या गल्लीत पाण्याचा टँकर येईल तेव्हा यायचा, आणि आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. अशा दिवसांत त्यांनी आमच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. आम्ही आत जायला निघालो तर त्या मला, आपल्या व्याह्याला, म्हणाल्या, "थांबा इवाई. बैलं लांबून आली तर आम्ही खुरावर पाणी घालतो. तुमच्या बैलाला चाकं हायत म्हणून काय झालं?"

आणि घरातून दुसरा तांब्या मागवला.

मी "राहू द्या इनबाई" म्हणालो. एवढंच म्हणालो. मान नाकारणं म्हणजे भांडण काढणं. त्यांनी उजव्या चाकावर अर्धा तांब्या घातला, डाव्यावर अर्धा. चर्र असा आवाज झाला, वाफेचा लोट वर आला. गल्लीतल्या बायका 'अगं बया' म्हणून मागं सरल्या. विहीणबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दोन्ही चाकांना कुंकू लावलं. तहानेली होती बिचारी, असं म्हणाल्या.

जेवणं झाली, चोळी झाली. मग त्यांची इच्छा झाली की मोटारीतून महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन यावं. मी मागं त्यांना आणि मंडळीला बसवलं. लेक दारातच थांबली. देवळाजवळ ब्रेक लावला तसा पायाखाली खटखट झालं, हातातलं चाक थरथरायला लागलं, सगळी गाडी थंडी वाजल्यासारखी हलली. परत येताना तीच तऱ्हा. दारात उतरल्यावर विहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"इवाई, तुमच्या बैलाला हिवताप हाय."

"रस्ता खराब हाय इनबाई."

"रस्ता आमचाच हाय, रोजचाच हाय. असल्या गाडीत मी पोटुशी सून पाठवायची न्हाई. हिवताप उतरला तर ओटीच्या दिवशी मोटार आणा. न्हाई उतरला तर आमची गाडीबैलं हायत, हळूहळू सोडून येतील."

ती बैलं मी बघितली होती. वैरणीविना फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. आणि त्या दगडगोट्यांच्या वाटेनं चाकुरापर्यंत सात महिन्यांची गरोदर पोर बैलगाडीत! दुसरं म्हणजे तिला जळकोटात ठेवणंही नको वाटत होतं. आमच्या आडात अजून कळशी बुडत होती, इथं बाळंतिणीला न्हायला पाणी कुठून आणणार होते?

निघताना लेक जवळ आली. खाली बघूनच बोलली. "अप्पा, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची मोटार येणार म्हणून."

"येईल."

"सासूबाई एकदा न्हाई म्हणल्या की मग हाव म्हणत न्हाईत."

"मी पण."

परतीच्या वाटेवर मंडळी म्हणाली, "सांगायचं की तिथंच. तुमच्या पाण्यानं झालं म्हणावं."

"आणि लेक कुणाच्या घरात हाय?"

"मग काय करणार?"

"घासून घेणार," मी म्हणालो. तिनं विचारलं काय घासून, तर ते मला सांगता आलं नाही. तोवर त्या चाकाच्या आत काय आहे हे मी बघितलंच नव्हतं.

लातुरात एका मिस्त्रीची शेड होती, तिथंच त्याची लेथ, म्हणजे लोखंड फिरवून घासायचं यंत्र. जुने लोक त्याला खराद म्हणतात. माझ्या जीपच्या चाकांचे ड्रम, म्हणजे ब्रेक आतून घासतात ती लोखंडी भांडी, त्यानंच कैकदा घासून दिले होते. त्यानं पुढचं चाक काढलं आणि मला बोलावलं. आत ड्रम नव्हताच. उघडी लोखंडी ताटली होती. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन गुटके तिला चिमट्यासारखे धरतात. ताटलीवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या, कडेला झिजून धार उभी राहिली होती, आणि अंगावर निळे डाग होते.

मिस्त्रीनं डागावर बोट ठेवलं. "अप्पा, गरम पे पानी किसने डाला?"

"नाल्यातनं गेली होती गाडी."

"कौनसा नाला? अख्ख्या जिल्ह्यात पानी नै, तुम्हाला नाला कुठं सापडला?"

मी म्हटलं, "तू आपलं काम बघ."

तो हसला आणि मग कामाचं बोलला. दोन रस्ते आहेत. लेथवर घासून सरळ करायची, किंवा नवी घालायची. नवी लातुरात मिळायची नाही, नांदेडला बघावी लागेल. मी विचार न करता घास म्हणालो. त्यानं नको म्हणून मान हलवली. ड्रम जाड असतो, तो म्हणाला. घासला की आतून मोठा होतो, मग ब्रेकला जाड लायनर, म्हणजे घासणारी पट्टी, ठोकला की भागतं. ताटलीचं तसं नाही. ती दोन्हीकडून पातळ होते, आणि पातळ झाली की लवकर तापते. किती पातळ चालेल त्याचा आकडा तिच्यावरच कोरलेला असतो.

"आकडा कंपनीचा," मी म्हणालो. "कंपनीला नवी विकायची असते. लाव लेथवर."

आमची बरीच बोलाबोली झाली. मी जागचा हललो नाही. शेवटी त्यानं पहिली ताटली लेथवर चढवली. तेवढ्यात लाईट गेली. त्या उन्हाळ्यात लाईट पाण्यासारखीच होती, यायची तेव्हा यायची. आम्ही शेडच्या सावलीत बसलो. चहाही नव्हता, कारण हॉटेलवाल्याकडं पाणी संपलं होतं. मिस्त्री बिडी ओढत होता, मी त्या दुसऱ्या ताटलीकडं बघत होतो. रागच आला होता मला तिचा. एवढीशी ताटली, आणि माझ्या लेकीची वाट अडवून बसली होती.

लाईट आली. पहिल्या ताटलीवरून लोखंडाचे बारीक केस निघाले, रेघा गेल्या, अंग चकचकीत झालं. मापून बघितलं तर आकड्याच्या वर, थोडीशी का होईना. मी मिस्त्रीकडं असं बघितलं की बघ, कोण खरं?

मग दुसरी चढवली. ती फिरायला लागली तसं मला दिसलं. लेथचं पातं एका जागी तिला टेकत होतं आणि अर्ध्या फेरीनंतर मध्ये उजेड दिसत होता. वाकडी होती, म्हणूनच ब्रेक लावला की गाडी थरथरत होती. भाजताना कड उचलली जाते त्या भाकरीसारखी. मिस्त्रीनं घासत घासत सरळ केली खरी, पण माप लावलं तेव्हा ती आकड्याच्या खाली गेली होती. त्यानं यंत्र बंद केलं आणि काही बोलला नाही. मला तेच लागलं. बोलला असता तर मी भांडलो असतो.

"एक चांगली झाली ना?" मी म्हणालो. "मग एकच नवी आण. दुसरी हीच लाव."

"लगा देता. जिम्मा नै लेता."

एवढं म्हणून तो हात पुसत बसला. आणि मग जे कळलं ते माझं मला कळलं, ते त्यानं सांगितलं नाही, हे मी लिहून ठेवतो. मी शेतकऱ्याच्या घरचा. एका बाजूला म्हातारा बैल आणि एका बाजूला तरणा जुंपला तर गाडी सरळ जात नाही, म्हाताऱ्याच्या अंगावर जाते. उतारावर तर वाटच सोडते. दुसरं असं की ओटीच्या दिवशी विहीणबाई परत तांब्या घेऊन उभ्या राहणार. पहिल्यापेक्षा थाटात उभ्या राहणार. पातळ झालेली ताटली उतारावर आणखी तापेल, आणि त्यावर परत पाणी पडेल. त्यांना थांबवता येणार नव्हतं. म्हणजे बदलायचं ते माझ्याच बाजूला होतं.

"जोडीच घालू," मी म्हणालो.

मिस्त्री म्हणाला, "ये बोलने को इतनी देर लगी?"

"तुझ्या लेथची मजुरी बुडाली असती लवकर बोललो असतो तर."

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.नं नांदेडला गेलो. पुलावरून गोदावरी बघितली. पाण्यापेक्षा वाळू जास्त होती, पण होती ती नदी होती. आमच्याकडच्या माणसाला तेवढंही बघून बरं वाटतं. गुरुद्वाऱ्याकडच्या बाजारात मोटारीच्या सामानाचं दुकान सापडलं. दुकानदार गोडबोल्या. त्यानं दोन जोड्या काढल्या. एक खोक्यातली नवी. दुसरी कुणाच्यातरी गाडीची, घासून तेल लावलेली.

"अप्पा, ही घ्या. नव्यासारखीच हाय. उगं कशाला नवी?"

नव्यासारखीच हा शब्द मी आडतीवर किती वेळा वापरला होता हे मला माहीत. गेल्या सालची तूर यंदाच्या तुरीशेजारी ठेवून मीही असाच मान वाकडी करून बोलत होतो. मी दोन्ही जोड्या हातात घेऊन तोलल्या. घागर घेताना वाजवून बघतात तशी बोटाच्या कांड्यानं वाजवली. दुकानदार म्हणाला, असं वाजवून काही कळत नसतं. खरंच नाही कळत. पण मला तेवढा वेळ पाहिजे होता. आयुष्यभर घासून चालवलेल्या माणसाला खोक्यातल्या नव्या मालाकडं हात न्यायला वेळ लागतो. बाप डोळ्यांपुढं येतो. मग मी मनातल्या मनात बापाला विचारलं, यात तुझी नात बसायची हाय, काय करू? आणि नवी घेतली.

परतताना जोडी गोणपाटात गुंडाळून मांडीवर ठेवली होती. कंडक्टरनं विचारलं, "काय अप्पा, तवे घेतले का?"

"हाव. लेकीच्या बाळंतपणाला."

"दोन-दोन?"

"जुळं झालं तर?"

मिस्त्रीनं ताटल्या बसवल्या, गुटकेही नवे घातले. चावी देताना म्हणाला, थोडे दिवस जोरात दाबू नका, ताटलीची आणि गुटक्याची ओळख होऊ द्या. "नई दुल्हन है अप्पा, घर में रुळने दो." मी ओटीच्या दिवसापर्यंत चाकूर ते लातूर फेऱ्या मारल्या. काम नसताना मारल्या. नव्या कचेरीपुढं गाडी थांबवायची, परत फिरायचं. शिपायाला वाटलं माझी कुठली तरी मोठी केस चालू आहे.

ओटीच्या दिवशी उतार आला तसा मी दुसऱ्या गिअरात टाकली आणि पाय ब्रेकवरून काढून घेतला. गाडी आपली गुरगुरत उतरली. पाय फक्त वळणावर. तरी खाली आल्यावर गावाच्या अलीकडं लिंबाखाली गाडी उभी केली.

"आता काय?" मंडळी म्हणाली. "तिथं बायका जमल्या असतील."

"जमू दे. निवू दे हिला."

"माझी साडी घामानं भिजून गेली, माझं कधी निवायचं?"

मी अधूनमधून उतरून चाकाशी हात नेत होतो. ऊन इतकं होतं की सावलीतला वाराही गरम. हात सहज धरवायला लागला तेव्हाच निघालो. मंडळी तोंड फिरवून बसली होती.

विहीणबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. आमचे पाय धुतले, मग चाकाकडं वळल्या. गल्लीतल्या बायका आधीच मागं सरून उभ्या होत्या, वाफ बघायला. पाणी पडलं आणि गपगुमान वाहून गेलं. चर्र नाही, वाफ नाही. एवढं मौल्यवान पाणी, आणि काहीच झालं नाही. विहीणबाईंनी मला विचारलं, "काय इवाई, आज तहान न्हाई लागली?"

"हिवताप उतरलाय इनबाई. त्यामुळं असंल."

"ते मी बघते."

ओटी भरली. गाणी झाली. लेक हिरव्या साडीत पाटावर बसली होती, आणि सारखी दाराबाहेरच्या गाडीकडं बघत होती. जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी पाण्यानं काठोकाठ तांब्या भरला, तो घेऊन गाडीत मागं जाऊन बसल्या आणि तो मांडीवर ठेवला.

"चला देवळापर्यंत. ह्यातलं सांडलं तर सून बैलगाडीत."

दारात सगळे हसले. मी हसलो नाही. भरल्या तांब्याला नुसता श्वास लागला तरी तो सांडतो. पण बसलो आणि निघालो. खड्डे चुकवत, अंडी घेऊन चालल्यासारखा. देवळाजवळ हळूच ब्रेक लावला. गाडी थांबली ते पाण्यालाही कळलं नाही. आरशात विहीणबाईंचा चेहरा बघितला. त्या तांब्याकडं बघत होत्या.

परतताना गल्लीच्या तोंडाशी आलो आणि पलीकडून टँकर आला. हाकाटी झाली. दोन्ही बाजूंच्या घरांतून बायका घागरी, कळशा, डबे घेऊन सुटल्या. टँकरकडं बघत पळत होत्या, मोटारीकडं कोण बघतंय? एक म्हातारी कळशी घेऊन अगदी माझ्यापुढं आली. मी ब्रेक दाबला. हळू नाही, होता तेवढा जोर लावून दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ उभी राहिली. हातातलं चाक हललं नाही. म्हातारीनं बॉनेटवर हात टेकला, मला एक शिवी दिली आणि पुढं टँकरकडं पळाली.

मागं सगळा तांब्या विहीणबाईंच्या मांडीवर आडवा झाला होता. साडी कमरेपासून खाली भिजली होती. मी इंजिन बंद केलं. सांडलं तर बैलगाडी, शब्द त्यांचा होता आणि पाणीही त्यांचंच.

त्या पुढच्या काचेतून बघत राहिल्या. म्हातारी टँकरच्या नळाशी पोचली होती आणि दुसऱ्या बाईशी जागेवरून भांडत होती.

"ती माझी थोरली जाऊ हाय," विहीणबाई म्हणाल्या. "आमचं बोलणं न्हाई."

मग त्यांनी आडवा तांब्या उचलून सरळ केला.

"मोटार थरथरली न्हाई."

"न्हाई."

त्यांनी पदर पिळला. थेंब गाडीत पडू नयेत म्हणून दार उघडून बाहेर पिळला. मग म्हणाल्या, "पाणी सांडायचंच. माणूस न्हाई सांडलं. चला, सुनेला उशीर व्हायलाय."

घरी कुणी विचारलं साडी कशी भिजली, तर त्यांनी टँकरचं नाव सांगितलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं ते माहेर सुटताना येतं तसलं नव्हतं. विहीणबाईंनीच तिला हात धरून मागं बसवलं, पाठीला उशी दिली, आणि माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "इवाई, घाई करू नका." जशी काही मी कधी घाई केली होती.

निघालो तेव्हा ऊन कलत होतं. चढ चढून वर आलो, मग सपाट माळ. दोन्ही बाजूंना काळी पडीक रानं, कुठं एखादं हिरवं बाभळीचं झाड. मायलेकी मागं काहीतरी बोलत होत्या, मग एकीचा आवाज बंद झाला. मंडळी हळूच म्हणाली, "झोपली." पुढं शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक लावला, गाडी थांबली, कळप गेला, परत निघालो. लेक झोपेतून हललीसुद्धा नाही.

शिरूरच्या फाट्यापाशी ती जागी झाली. काचेला नाक लावून बाहेर बघितलं.

"आलं का अप्पा?"

"न्हाई अजून. नीज."

"जरा जोरात चालवा की."

"नीज म्हटलं ना," मी म्हणालो, आणि तशीच हळू चालवत राहिलो.